मा. बीसीजी व्रणसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. बीसीजी व्रणसाहेब,
मुक्काम डावा दंड, खांद्याच्या खाली.

विषय : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातावर उठणाऱ्या प्रत्येक गाठीची जबाबदारी आपण एकट्याने उचलल्याबद्दल आभार आणि स्वेच्छानिवृत्तीची नम्र विनंती.

महोदय,

आमच्या ताडोबाच्या मोहर्ली गेटवर ओळखपत्र पाहिल्याशिवाय पर्यटकाची जिप्सी पुढे सरकत नाही. आत जंगलात वाघसुद्धा पट्ट्यांवरून ओळखले जातात, कॅमेऱ्यात त्यांची नोंद होते. न तपासता चालणारं ओळखपत्र या मुलखात एकच, ते म्हणजे आपण. सिस्टर असो, आशाताई असो की लॅब टेक्निशियन, टीबीच्या मॉन्टू टेस्टनंतर हातावर गाठ आली की बाही वर जाते, आपलं दर्शन होतं आणि निकाल लागतो : "काही नाही जी, ते बीसीजीचंच असन." एक्स-रे नको, चौकशी नको. इतक्या फायली इतक्या झटपट बंद करणारा अधिकारी जिल्ह्यात दुसरा नाही.

आपल्या सेवापुस्तकातल्या चांगल्या नोंदी आधी मान्य करते. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच जोडीने जनावरांच्या टीबीचा जंतू तेरा वर्षं प्रयोगशाळेत वाढवून नरम केला आणि १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. आज बाळ जन्मलं की लगेच डाव्या दंडावर तीच बीसीजी लस टोचली जाते. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून आपण वाचवता, त्याबद्दल शंका नाही. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांचं मात्र आपल्याला फारसं जमत नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड चाचणीने हे दाखवून दिलं.

इथेच आमचा गोंधळ होतो. तीस वर्षांच्या सिस्टरला विचारलं, "बीसीजीमुळे तुम्हाला अजून संरक्षण आहे का?" तर ती हसते. "मग ही गाठ कशाची?" असं विचारलं की उत्तर येतं, "बीसीजीची!" म्हणजे आपलं संरक्षण शाळेत असतानाच संपलं, पण आपली सूज निवृत्तीपर्यंत टिकणार. असा सोयीचा टिकाऊपणा सरकारी खुर्चीलाही लाभलेला नाही.

हिशेब वेगळं सांगतो. चोवीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये छापून आला. त्यानुसार तान्हेपणी बीसीजी घेतलेल्यांची तपासणी दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा केली, तर आपल्यामुळे पॉझिटिव्ह येणारे शंभरात जेमतेम एक. ज्यांना लस मोठेपणी किंवा पुन्हा पुन्हा दिली जाते, त्यांच्या हातावर आपला प्रभाव जास्त टिकतो, हेही खरं. पण जन्मताच एकदा टोचून घेतलेल्या आमच्या सिस्टरांना हा बचाव कुठून मिळणार?

परदेशातले आकडे म्हणून हे बाजूला सारू नये. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००४ मध्ये ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. त्यांतल्या ७१ टक्क्यांच्या दंडावर आपण विराजमान होता. त्वचेच्या चाचणीत ४१ टक्के पॉझिटिव्ह आले. मग बीसीजीला ओळखतच नाही अशी रक्ताची चाचणी केली, तर तिथेही ४० टक्के! आपण असण्या-नसण्याने निकालात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो वयाने आणि या पेशात काढलेल्या वर्षांनी. साहेब, गाठ आपली नव्हती. ती आमच्या नोकरीची होती.

आमच्यातल्या भित्र्यांसाठी हेही सांगायला हवं, की गाठ म्हणजे आजार नव्हे. रानात ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला, तर वाघ इथून गेला एवढंच कळतं. तो झुडपामागे बसलाय का, ते वेगळं पाहावं लागतं. तसंच या गाठीचं. जंतू शरीरात शिरला होता, इतकंच ती सांगते. संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो, तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून लक्षणं विचारायची, एक्स-रे काढायचा, गरज पडली तर प्रतिबंधक गोळ्यांचा विचार डॉक्टरांनी करायचा. पण पंजा पाहून "गावातलं कुत्रं असन" म्हणणाऱ्याला इथे कुणी गाइड म्हणून ठेवत नाही. दवाखान्यात मात्र आम्ही रोज तेच म्हणतो.

आमची टेस्ट वाचण्याची रीतही आपल्या पथ्यावर पडते. निकाल ४८ ते ७२ तासांत पाहायचा असतो. शुक्रवारी सुई टोचली की वाचायचा दिवस रविवारी उजाडतो आणि सोमवारी डॉक्टरसाहेब मीटिंगला जातात. मंगळवारी ताडोबाचा कोअर भाग बंद, तशी आमची आठवणही बंद. कुणी पाहिलंच तर लाली मोजतो. मोजायचा असतो तो बोटाला लागणारा घट्ट फुगवटा, मिलिमीटरच्या पट्टीने, हाताच्या आडव्या रेषेत. दहा किंवा जास्त भरला की पॉझिटिव्ह. आमच्या रजिस्टरात मात्र मापाच्या जागी नुसतं "थोडं आलं" लिहिलेलं सापडतं.

आता एक वाईट बातमी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या साय-टीबी या नव्या त्वचा चाचणीला २०२२ मध्ये देशात मंजुरी मिळाली. तिच्यात वापरलेली प्रथिनं टीबीच्या जंतूत असतात, बीसीजीत नसतात. ही चाचणी सर्वत्र पोहोचली, की आपलं नाव पुढे करायची सोयच राहणार नाही. तेव्हा बडतर्फीपेक्षा स्वेच्छानिवृत्ती बरी.

आपल्या जागी आम्हाला कुणी नवा साहेब नको. नोकरीत रुजू होतानाच टेस्ट व्हावी आणि तिचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलं जावं, म्हणजे पुढे निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं तर कधी झालं ते कळेल. खोकणाऱ्या पेशंटची थुंकी बंद खोलीत न घेता उघड्यावर घ्यावी. ओपीडीच्या खिडक्या उघडाव्यात आणि मास्क कपाटातून तोंडावर यावेत. यांतल्या बहुतेक गोष्टींना निधीसुद्धा लागत नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या सिस्टर, आशाताई, टेक्निशियन दादा, गाठ आली तर बाही वर करू नका. एक्स-रेच्या रांगेत उभे राहा.

कळावे,
आपल्याच कृपेने आजवर बिनचौकशी सुटलेली,
एक आरोग्यसेविका, मोहर्ली परिसर