विनापरतीचा पास

एमआयडीसीतून रिटायर झालेला माणूस शाल, नारळ आणि घड्याळ घेऊन घरी येतो. लोट्यातले आमचे नाना सगळं इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंट घेऊन आले.

लोटे-परशुराम वसाहतीतल्या एका केमिकल प्लांटात नानांची उभी नोकरी गेली. रिअ‍ॅक्टरचं टेम्परेचर किती, लाइनला प्रेशर किती, कुठला व्हॉल्व्ह किती उघडा, हे सगळं कंट्रोल रूममध्ये बसून बघायची जी यंत्रणा, ती डीसीएस. ती नानांच्या ताब्यात होती. रिटायर झाल्यावर ताब्यात उरला तो घरातला इन्व्हर्टर, आणि त्याच्यातही माई परस्पर डिस्टिल्ड वॉटर भरायच्या.

मग २०२० साल उजाडलं आणि मुंबईचा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी कामाला बसला. घर जांभ्या चिऱ्याचं. ओटीवरच्या राउटरचं वायफाय माजघरापर्यंत कसंबसं यायचं आणि मागच्या पडवीत पोचेस्तोवर मान टाकायचं. मुलगा म्हणाला, "आणखी एक राउटर घेऊ." नाना म्हणाले, "केबल टाकू." नानांचा आवाज किती दिवसांनी खणखणीत झाला होता! 

आणि नानांनी केबल टाकली. नुसती टाकली नाही, 'ले' केली. भिंतीच्या कडेने ट्रे, वळणावर क्लॅम्प, दोन्ही टोकांना फेरुल आणि फेरुलवर नंबर. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. नानांचं घर या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मीटर भरायचं नाही, तरी लांबी टेपने मोजून रजिस्टरात चढली. क्रिम्पिंग करताना आत जायच्या आठ तारांचा क्रम (पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी) नाना रामरक्षेच्या चालीवर म्हणत. शेवटी लूप चेक. म्हणजे नाना ओटीवर स्विचपाशी, माई स्वयंपाकघरात दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या हातात मोबाइल. "एनसी-शून्य-तीन, कन्फर्म करा!" नाना ओरडायचे. माई मोबाइल न उचलता तिथूनच सांगायच्या, "लागला हो दिवा! आमटी उतू जात्येय!"

खरं सांगायचं तर काम झकास झालं. गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं. त्याचा पासवर्ड विसर्जनाच्या रात्री बदलतो, कारण कॉन्ट्रॅक्टरचा माणूस गेटबाहेर पडला की त्याचा पास रद्द. वळवाचा गडगडाट सुरू झाला की सगळे प्लग कुठल्या क्रमाने काढायचे याचा कागद भिंतीवर आहे. घरात सगळं इतकं बिनबोभाट चालायला लागलं की महिनाभर कोणी नानांना हाक मारीना. त्या महिन्यात नाना फार चिडचिडे झाले होते, असं माई सांगतात.

बाळंतिणीच्या खोलीतला कॉम्प्युटर अवतरला तो त्यानंतर.

कॉम्प्युटर जुनाच, विंडोज एक्सपीवाला. ज्या एक्सपीला ती बनवणाऱ्या कंपनीनेच ८ एप्रिल २०१४ रोजी रामराम ठोकला, ती. नानांनी त्याला केबल दिली नाही. पुढच्या यूएसबीच्या भोकांत एम-सील भरलं. दारावर पाटी लावली: 'प्लांट एरिया'. आत काय ठेवलं? जमिनीचे कागद, कलमांचा जमाखर्च, घराण्याची वंशावळ, भावबंदकीतल्या दाव्याच्या तारखा आणि घरातल्या यच्चयावत माणसांचे दाखले.

"नाना, एवढं कशाला?" असं विचारलंत की तास गेला म्हणून समजा. मुद्दा मात्र खोटा नाही. कंपनीत ऑफिसचं नेटवर्क वेगळं आणि प्लांटचं वेगळं. ऑफिसात व्हायरस आला तर पगाराची स्लिप अडकते. प्लांटात आला तर रिअ‍ॅक्टर. २०१९ मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राचं नाव घेऊन बातम्या आल्या, तेव्हा आधी इन्कार झाला आणि ३० ऑक्टोबरला कबुली आली, की इंटरनेटला जोडलेल्या एका प्रशासकीय कॉम्प्युटरमध्ये व्हायरस होता, पण आतलं महत्त्वाचं नेटवर्क त्याच्यापासून तुटक आहे. नाना यातलं 'तुटक' एवढं म्हणून थांबतात आणि तुमच्याकडे बघतात. जणू ते त्यांनीच तोडलं.

चिपळूणच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने एकदा नानांना कोंडीत पकडलं. म्हणाला, "इराणच्या नतान्झच्या अणुकेंद्राचं काय मग? तिथली यंत्रणाही इंटरनेटला नव्हती. तरी स्टक्सनेट शिरलाच ना पेन ड्राइव्हमधून? सेंट्रिफ्यूज फुकट गेले." २०१० साली उघडकीला आलेला हा व्हायरस असा बेरका होता, की पेन ड्राइव्हवरची फाइल उघडायचीही गरज नव्हती, फोल्डरमधली चिन्हं नुसती पडद्यावर दिसली तरी काम व्हायचं. दुसरा कोणी गप्प झाला असता. नाना खुलले. "तेच सांगतोय मेल्या! त्यांच्याकडे गेटपास नव्हता."

नानांकडे आहे. खोलीच्या दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर. पेन ड्राइव्हला आत प्रवेशच नाही. बाहेरचा कागद आत न्यायचा तर तो सीडीवर लिहून. सीडीवर एकदा लिहिलं की पुसता येत नाही, आणि आतलं काही तिच्यावर चढून परत बाहेर येत नाही. म्हणून सीडीला 'विनापरतीचा पास'. आतून बाहेर फक्त छापील कागद, त्याला 'परतीचा पास'. म्हणजे काम झालं की कागद नानांना आणून द्यायचा. माईंनी या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावला आहे: "आमच्या सासूबाईंचं सोवळं परवडलं, त्या निदान जेवायला वाढायच्या."

आता यातली गोम. नानांनी ज्या सातबाऱ्याला सात कुलपांत ठेवलंय, तो सरकारच्या महाभूलेखवर जगात कुणालाही फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. हे नानांना ठाऊक आहे. त्यांना कोणी सांगू नये एवढंच.

गेल्या मे महिन्यात पुण्याला इंजिनिअरिंग करणारा पुतण्या आला. बँकेला सातबारा हवा होता. नानांनी चष्मा लावला, दार उघडलं, बटण दाबलं. एक्सपी जागी होईस्तोवर पुतण्याने मोबाइलवर उतारा काढून पुढे धरला. 

नानांनी तो लांबूनच पाहिला. "हा बाहेरचा. बसा, आतला काढतो."

आतला निघाला. दोन्हींत एका अक्षराचा फरक नव्हता. नानांनी रजिस्टर पुढे सरकवलं, पुतण्याने नाव लिहिलं, तारीख घातली आणि नानांनी पेन अडवलं.

"मशीनवर आहे ती तारीख घाल. लॉगबुक मशीनच्या वेळेनेच भरायचं असतं."

आतल्या बटणाएवढ्या बॅटरीने कधीच मान टाकली होती आणि इंटरनेट नसल्यामुळे खरी वेळ सांगायला कोणी नव्हतं. पडद्यावर १ जानेवारी २००२ होती.

"नानाकाका, माझा जन्म २००४ चा आहे."

नानांनी रजिस्टरचं पुढचं पान उलटलं, नवी ओळ बोटाने दाखवली.

"दाखला आहे आत. पण त्याला वेगळा पास लागेल."