बिनतारी नाना

आमच्या सोसायटीत सॉफ्टवेअर इंजिनिअरांना तोटा नाही. सकाळी गळ्यात पट्टा अडकवून पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या जिवावर अमेरिकेतली एखादी बँक चालते म्हणे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्यापैकी कुणालाही जिन्यात गाठून "अरे, आमचा कॉम्प्युटर वायफाय घेत नाही" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "काकू, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे हार्डवेअरचं काम." मग काकू नानांना फोन लावतात.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर लोकांच्या घरात तारा ओढल्या, आता त्याच घरांतून त्या काढायला मदत करतात, आणि तीही फुकट. असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे दादा. हुद्दा तोच. कमिटीवर ते नसतात, पण सेक्रेटरीचा प्रिंटर त्यांच्याशिवाय चालत नाही.

नाना येतात ते खांद्याला रेक्झिनची बॅग लावून. तिच्यात टेस्टर, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, यूएसबीची मीटरभर एक्स्टेन्शन केबल, भिंग, एक वही आणि पांढरी पट्टी चिकटवलेला पेन ड्राइव्ह. पट्टीवर मार्करने लिहिलेलं: 'ड्रायव्हर. हात लावू नये.' दारात चपला काढता काढताच पहिला प्रश्न येतो.

"कुणी हात लावला होता का?"

काकू काकांकडे बघतात. काका पेपर वर धरतात.

प्रकरण साधं असतं. मुलगा परदेशी जाताना मागे ठेवून गेलेला जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत, राउटर बाहेर टीव्हीशेजारी, आणि मधल्या भिंतीला नुकताच रंग दिलेला. वायर ओढायचा विषय काकूंनी रंगाऱ्याच्या देखतच निकालात काढलेला. म्हणून काकांनी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून वायफायचं डोंगल आणलं. ते नखाएवढं निघालं. एवढे पैसे देऊन एवढंसंच मिळालं याचं दुःख काकूंना अजून आहे.

"वहिनी, आत सगळं आहे," नाना ते भिंगाखाली धरून म्हणतात. "रेडिओ आहे, अँटेना आहे. फक्त रेंज नाही."

पेटीतून ड्रायव्हरची, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, एक चकतीही निघते. नेहमीच्या सीडीपेक्षा लहान, आठ सेंटिमीटरची. काकांच्या कॉम्प्युटरचा ट्रे कधीचा बाहेरच येत नाही आणि हल्लीच्या लॅपटॉपला तो मुळात नसतोच, पण चकती वाटण्याचा प्रघात काही संपत नाही. नाना ती खिशात टाकतात. त्यांच्याकडे अशा चकत्यांचा डबा आहे. कशासाठी, हे विचारायची सोय नाही.

आता नानांचं खरं ज्ञान सुरू होतं, आणि इथे त्यांची थट्टा करणाऱ्याने जरा जपून राहावं, कारण या एका बाबतीत गळ्यात पट्टावाल्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं. पेटीवर ज्या कंपनीचं नाव असतं ती बहुतेक वेळा डोंगल विकते, त्यातली चिप तिची नसते. नाना म्हणतात, आडनावावर जाऊ नका, गोत्र विचारा. एकाच मॉडेलच्या पोटात पहिल्या आवृत्तीत एक चिप, दुसरीत भलतीच. फरक कळतो तो डोंगलच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेल्या 'व्ही १', 'व्ही २' वरून. भिंग त्यासाठी. काकांनी पुतण्याकडून फोनवर मागवलेला ड्रायव्हर त्याच नावाच्या, त्याच चित्राच्या आणि चुकीच्या आवृत्तीचा होता. पेपर आणखी वर जातो.

गोत्र काढायची रीतही नानांना पाठ आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा. नावाशेजारी पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह दिसलं की उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे दोन चार-चार अक्षरी आकडे असतात. पहिला चिप बनवणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. नाना वही उघडतात. शून्य-बी-डी-ए म्हणजे रिअलटेक. एक-चार-आठ-एफ म्हणजे रालिंक. त्यापुढे लाल शाईत शेरा: '२०११ ला मीडियाटेकच्या घरी दिली. ड्रायव्हर तिकडे बघणे.'

"सापडला," नाना म्हणतात. "ड्रायव्हर नेटवर आहे."

"मग घ्या की नेटवरून."

"नेट लागायला ड्रायव्हर पाहिजे."

काकू पोह्यांचा झारा हातात धरून उभ्या राहतात. "म्हणजे हे ज्यांनी काढलं त्यांच्या घरात एकही शहाणं माणूस नव्हतं?"

प्रश्न रास्त आहे. काही कंपन्यांना तो सुचलाही होता. त्यांची डोंगलं पहिल्यांदा लावली की वायफाय म्हणून ओळख देतच नाहीत, सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात. पोटातल्या त्या खोट्या सीडीत ड्रायव्हर असतो. तो बसला की सोंग उतरतं. लिनक्सवर हे सोंग कधीकधी हाताने उतरवावं लागतं, त्याकरता वेगळा प्रोग्रॅम आहे, आणि तो चालवल्याचा किस्सा नाना दर खेपेला सांगतात. या खेपेलाही सांगतात. मग स्वतःचा फोन काढतात, चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडतात, सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करतात, आणि काकांच्या कॉम्प्युटरला नानांच्या मोबाइलचं नेट मिळतं. वायर टाळण्यासाठी आणलेली वस्तू शेवटी वायरनेच चालू झाली, हा नानांच्या आयुष्यातला अत्यंत सुखाचा क्षण असतो. तो ते लपवत नाहीत.

ड्रायव्हर उतरतो, बसतो, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. पिवळा त्रिकोण गेलेला असतो. कोपऱ्यात वायफायची यादी उघडते, आणि आख्खी सोसायटी पडद्यावर येते. आपल्या गावात पाटी फक्त दारावर लावून भागत नाही. एका वायफायचं नाव 'आपले आपण घ्या' असं असतं, दुसऱ्याचं 'दुपारी १ ते ४ बंद'. नाना नावावरून मजला सांगतात. रेंजवरून कोण कुठल्या खोलीत राउटर ठेवतो तेही सांगतात. काकू पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसतात.

"झालं ना मग?" काका विचारतात.

"चालू झालं," नाना म्हणतात. "झालं नाही."

शहाण्या माणसाने इथे पोहे खाऊन घरी जावं. नाना तसे असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. नेट चालू होणं ही त्यांच्या दृष्टीने कामाची सुरुवात. ते सीपीयूच्या मागे वाकतात, डोंगल मागून काढतात, एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणून ठेवतात. पत्र्याच्या डब्यामागे, भिंतीला तोंड करून बसवलेल्या रेडिओने बाहेरचं काय ऐकावं, असा त्यांचा सवाल असतो. मग निळ्या पोर्टाचं प्रवचन. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३, वेगवान. पण त्यातून माहिती धावताना जो गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडतो, आणि स्वस्तातलं डोंगल त्याच पट्ट्यात ऐकत असतं. इंटेलने यावर २०१२ साली अख्खा कागद काढला होता. म्हणून हार्ड डिस्क निळ्यात, डोंगल काळ्यात आणि दोघांत हातभर अंतर. काकू मान डोलावतात आणि निळ्या पोर्टाकडे संशयाने बघतात. पुढे आठवडाभर त्या तिथे पेन ड्राइव्हसुद्धा लावू देत नाहीत.

एवढ्यात काका पेटी घेऊन येतात. पेटीवर ६०० लिहिलंय, स्पीड टेस्टमध्ये तर काहीच नाही.

नानांना हा प्रश्न आवडतो. ते वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडतात. हे डोंगल २.४ वर जास्तीत जास्त १५०, ५ वर ४३३. बेरीज ५८३. त्याचे पेटीवर ६०० झाले. वर गंमत अशी की ते एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतं, म्हणजे ही बेरीज कधी घडतच नाही. शिवाय हे सगळे आकडे कागदावरचे. हवेतून येताना निम्मे हाती लागले तरी खूप. आणि काकांनी घेतलेला प्लॅन आहे ४० चा. नळाला येतं तेवढंच पाणी बादलीत पडणार. काका पेटी घडी करून ठेवतात. बदलून घेता येईल का, हा विचार चेहऱ्यावरून जात नाही.

मग हवेतली गर्दी. ही नानांची दुखरी जागा. त्यांच्या नोकरीत बिनतारी काही करायचं म्हणजे परवाना, अर्ज, फायली. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना खुला झाला आणि आज त्याच हवेत वायफाय आहे, ब्लूटूथ आहे आणि चौथ्या मजल्यावरचा मायक्रोवेव्हही आहे. रात्री आठला तिकडे जेवण गरम होतं आणि इकडे काकूंची मालिका थांबते, याचा संबंध नानांनी जिन्यात उभं राहून लावलेला आहे. ते राउटरमध्ये शिरून चॅनेल बदलतात. १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या अंगावर न येणारे. सगळी सोसायटी ६ वर बसलेली असते. नाना काकूंना ११ वर नेतात. पुढच्या महिन्यात तळमजल्यावरही तेच करतात, मग तिसऱ्यावर. सध्या सगळी सोसायटी ११ वर आहे.

शेवटचं काम त्यांचं स्वतःचं आहे, ते कुणी सांगत नाही. पुन्हा डिव्हाइस मॅनेजर, डोंगलच्या प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे एक टिक आधीपासून मारलेली असते: वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर हे उपकरण बंद करू शकतो. नाना ती काढतात. 'मधेच नेट जातं' या तक्रारीसाठी लोक राउटर बदलतात, प्लॅन बदलतात, कंपनी बदलतात. निम्म्या वेळा दोष या टिकेचा असतो असं नानांचं मत आहे. निम्म्या वेळा की नाही ते सोडा, पण दोन घरांत ती टिक काढल्यावर तक्रार बंद झाली, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे.

त्यांचे दोषही सांगायला हवेत. नाना कधी 'मला माहीत नाही' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात, आणि तुमची दुपार जाते. कॉम्प्युटरवर विंडोज ७ दिसलं की २०२० पासून त्याला अपडेट येत नाहीत यावर तुमच्या घरी, तुमच्याच खुर्चीत बसून ते तुम्हाला झापतात. विंडोज १० वाल्यांनाही आता सोडत नाहीत, २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचीही मुदत संपली. जाताना तुमच्या डेस्कटॉपवर दोन-चार नवी चित्रं उमटवून जातात. त्यातलं एक नेहमी स्पीड टेस्टचं. आणि पासवर्ड बदलतात. नवा पासवर्ड एवढा भक्कम असतो की पुढच्या वेळी पाहुण्यांना द्यायला नानांनाच फोन करावा लागतो. मला तर वाटतं, तो हेतूच असावा.

पैशाचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही. एकदा कुणीतरी पाकीट पुढे केलं तर नाना महिनाभर त्या मजल्यावर थांबले नाहीत. पोहे चालतात, त्यावर ओलं खोबरं असेल तर ते दोनदा घेतात. चहा बिनसाखरेचा सांगतात आणि साखरेचा पितात. कॉम्प्युटरच्या दुकानातला मुलगा नुसता दारात यायचे पैसे घेतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. नानांचं तसं नाही. त्यांना बसवावं लागतं, ऐकावं लागतं. काकूंचा हिशेब सोपा आहे: "दुकानातल्या पोरापेक्षा नाना महाग पडतात. पण नेट टिकतं."

एक गोष्ट मात्र नाना चारचौघांत काढत नाहीत. त्यांच्या घरी गेलात तर राउटरपासून थेट त्यांच्या टेबलापर्यंत लॅनची केबल गेलेली दिसेल. भिंतीच्या कडेने, वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकलेली, कोपऱ्यात छान गोलाई दिलेली, कुठे ताण नाही की झोल नाही. डोंगल एकही नाही. नानी म्हणतात, "त्यांचा वायफायवर विश्वास नाही." नाना त्यावर काही बोलत नाहीत. क्लिपा किती सरळ रेषेत आहेत ते तेवढं दाखवतात.

तुमच्या सोसायटीतल्या नानांना बोलावणार असाल तर दुपारी चारच्या आत बोलवा, म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत मोकळे व्हाल. डोंगलची पेटी फेकू नका, त्यांना ती लागते. आणि राउटरचा पासवर्ड आधी काढून ठेवा. तुम्ही तो कधी बदलला नसेल तर राउटर उलटा करा, बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो.