थंड फाइल दिसत नाही

थर्मल साइट नावाची दुर्बीण बंदुकीवर बसवली की मिट्ट काळोखातला माणूस पडद्यावर पांढराफेक दिसतो. तिला ना उजेड लागतो, ना चांदणं. माणूस जिवंत आहे म्हणजे त्याचं अंग गरम आहे, आणि गरम अंगातून निघणारे किरण ही दुर्बीण टिपते. चांगल्या दुर्बिणीला अंशाच्या विसाव्या भागाइतका फरकही कळतो. खुर्चीतून कुणी नुकतंच उठून गेलं असेल, तर त्याच्या बुडाची ऊबसुद्धा तिला दिसते.

त्यामुळे माझ्या मनात बरेच दिवस एक खोडसाळ प्रयोग घोळतो आहे. ही दुर्बीण खरेदी करण्याची फाइल ज्या टेबलावर पडली आहे, त्या टेबलावर हीच दुर्बीण रोखायची. काय दिसेल? खुर्चीवरची ऊब दिसेल, म्हणजे साहेब आत्ताच चहाला गेलेत एवढं कळेल. फाइल मात्र दिसणार नाही. थर्मलला वस्तू दिसायची तर तिचं तापमान भोवतालापेक्षा वेगळं हवं. फाइल टेबलाइतकी थंड, टेबल खोलीइतकं थंड. शिवाय काचेआडचं या दुर्बिणीला दिसतच नाही. साधी काच हे किरण अडवते, म्हणून तिची भिंगं जर्मेनियमची करतात. तेव्हा पारदर्शक कारभारासाठी ज्या कचेरीने काचेच्या केबिनी बांधल्या असतील, तिथला कारभार थर्मलपुरता तरी भिंतीआड गेला म्हणायचा.

आता आपण एक उद्योजक कल्पू. भोसरीचा असू दे. नाव नको, कारण त्याची फाइल अजून फिरते आहे. त्याने घरचे पैसे घालून दुर्बिणीचा पहिला नमुना बनवला. गच्चीवर उभं राहून चार गल्ल्यांपलीकडची मांजर ओळखली आणि हरखून तो दिल्लीला गेला. तिथे त्याच्या हातात लष्कराला काय हवं त्याची यादी पडली. या यादीला क्यूआर म्हणतात. वजनाला हलकी हवी, पण टाकीवरून पडली तरी फुटता कामा नये. लांबचं दिसावं, पण भिंग लहान असावं. बॅटरी रात्रभर चालावी, पण बॅटरी फार जड नको. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी उच्चशिक्षित, नोकरी करणारी आणि पूर्णवेळ गृहकृत्यदक्ष मागतात ना, त्याच जातीचा हा कागद.

हे मी एकटा म्हणत नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली म्हणाले होते, की आपल्या काही क्यूआर थेट मार्व्हलच्या कॉमिकमधून उतरवल्यासारख्या वाटतात. पर्रीकर मुंबई आयआयटीचे धातुशास्त्राचे अभियंते. लोखंड काय करू शकतं आणि काय नाही, हे त्यांना कळत होतं. ते मंत्री असतानाच एक रायफलीची निविदा रद्द झाली. २०११ साली ४३ कंपन्यांकडे ६६ हजार रायफली मागितल्या होत्या. अट अशी, की नळी बदलली की तीच रायफल ५.५६ मिलिमीटरचीही व्हावी आणि ७.६२ चीही. साडेतीन वर्षं हे प्रकरण चाललं. जून २०१५ मध्ये कळलं, की असं नको होतं.

तर भोसरीकर. यादी खिशात घालून तो परत आला, यादीबरहुकूम दुसरा नमुना बनवला आणि चाचणीला बोलावण्याची वाट पाहू लागला. बोलावणं आलं. या चाचण्यांना ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ म्हणतात. म्हणजे सरकारचा खर्च नाही आणि सरकारचा शब्दही नाही. नमुने तुमचे, ते नेण्याआणण्याचा खर्च तुमचा, बिघडला तर तोही तुमचाच. मुलगी दाखवायला स्वखर्चाने न्यायची, तीही एकदा उन्हाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात आणि एकदा हिवाळ्यात लडाखच्या बर्फात. मधे काही बिनसलं तर पुढच्या मोसमापर्यंत थांबा. चाचणीचा मोसम हुकलेला उद्योजक आणि पेरणीचा वापसा हुकलेला शेतकरी यांच्या चेहऱ्यात फार फरक नसतो.

वाळवंटात आणखी एक गंमत होते. दुपारी वाळू तापून माणसाच्या अंगापेक्षा कितीतरी गरम होते, तेव्हा माणूस काळा दिसतो. रात्री वाळू निवते, तेव्हा तो पांढरा दिसतो. आणि या दोन्हींच्या मधे, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी घटका येते की वाळू आणि अंग एकाच तापमानाला येतात. तेवढ्या वेळात चांगल्यातल्या चांगल्या थर्मललाही धड काही दिसत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. भोसरीकराच्या कागदावर मात्र शेरा पडला: ‘संध्याकाळी स्पष्ट दिसत नाही. पुरवठादाराने खुलासा करावा.’ त्याने खुलासा केला. त्यात विल्यम हर्शेलचा दाखला दिला. युरेनस शोधणारा तोच हर्शेल. १८०० साली त्याने लोलकातून पडलेल्या रंगपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून हे अदृश्य किरण शोधले. उलट टपाली विचारणा आली: सदर तज्ज्ञांचं मूळ प्रमाणपत्र जोडावं.

मध्यंतरी जग थांबलं नव्हतं. दुर्बिणीच्या आत जो डिटेक्टर असतो, त्यातला एकेक ठिपका पूर्वी २५ मायक्रॉनचा असे, मग १७ चा झाला, आता १२ चा मिळतो. ठिपका लहान म्हणजे भिंग लहान, म्हणजे दुर्बीण हलकी. भोसरीकराचा नमुना १७ चा. चाचणी संपेपर्यंत डिटेक्टरच्या कारखानदाराने कळवलं, की १७ चा माल बंद करतोय. आता १२ चा घालावा तर नमुना बदलला, म्हणून चाचणी पहिल्यापासून. १७ चाच ठेवावा तर माल मिळत नाही. अडकित्त्यातली सुपारी निदान कातरून तरी मोकळी होते.

इथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नमुन्याच्या जिवावर घाईने पैसे ओतणंही शहाणपणाचं नाही. अमेरिकी लष्कराने २०२१ साली सैनिकांच्या डोक्यावर चढवायच्या चष्म्यांसाठी मायक्रोसॉफ्टला दहा वर्षांत सुमारे २२ अब्ज डॉलरपर्यंतचं कंत्राट दिलं. त्यात थर्मल होतं, नकाशे होते, सगळंच होतं. पुढच्या चाचण्यांत सैनिकांचं डोकं दुखू लागलं, डोळे ताणले, मळमळायला लागलं. तेव्हा साहेबांनी फाइल नीट तपासून घेतली तर त्यात वावगं काही नाही. माझं भांडण सावधपणाशी नाही. माझं भांडण आहे ते ‘नाही’ न म्हणण्याशी.

कारण ‘नाही’ म्हणायलाही सही लागते. सही केली की उद्या कुणी विचारेल, का नाकारलं? हो म्हटलं तर परवा विचारेल, का घेतलं? त्यापेक्षा ‘चर्चा करावी’ असा शेरा बरा. त्याला ना आगा ना पिछा. धुळ्याचे तेव्हाचे खासदार डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री असताना त्यांचा एक अंतर्गत अहवाल २०१८ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत फुटला होता. भामरे कर्करोगाचे शल्यविशारद, तेव्हा गाठ कुठे आहे हे त्यांनी बरोबर चाचपलं: निर्णय घेणारी डोकी अनेक आणि जबाबदार एकही नाही. तीन वर्षांतल्या १४४ प्रकरणांपैकी जेमतेम आठ ते दहा टक्के वेळेत पार पडली होती. निविदा काढण्याचा नुसता एक टप्पा एका प्रकरणात ४२२ आठवडे चालला होता. आठवड्यांत सांगितलं की जरा सुसह्य वाटतं. वर्षांत केलं तर आठ भरतात. एवढ्या काळात बालवाडीतलं पोर सातवीला जातं.

आणि हे सगळं कुणासाठी? मार्च २०१२ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख व्ही. के. सिंह यांनी पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं होतं. पायदळाला रात्री लढण्याची साधनं नाहीत, असं त्यात होतं. मग पत्रातला मजकूर बाजूला राहिला आणि पत्र फोडलं कुणी यावर संसद गरम झाली. त्या आठवड्यात कुणी दिल्लीवर थर्मल लावलं असतं तर पडदा पांढराफेक पडला असता. बुलेटप्रूफ जॅकेटांचं सांगायचं तर २००९ साली १ लाख ८६ हजार १३८ जॅकेटांना मंजुरी मिळाली आणि करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. आकडा मात्र शेवटच्या १३८ पर्यंत जसाच्या तसा टिकला. नोंदी ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

भोसरीकर दरम्यान अगदीच रिकामा बसला नव्हता. एका साखर कारखान्याला बॉयलर कुठे जास्त तापतोय ते पाहायचं होतं. त्यांनी बंदुकीची खाच काढून टाकायला सांगितली, तीन दुर्बिणी घेतल्या आणि महिन्याभरात पैसेही दिले. ज्या कारखान्याने सभासदांची उसाची बिलं थकवली होती, त्याच कारखान्याने.

परवा त्याला दिल्लीहून पत्र आलं. चाचणी उत्तीर्ण झाल्याचं नव्हतं, नापास झाल्याचंही नव्हतं. निविदेतल्या दराची मुदत संपत आल्याने ती आणखी सहा महिने वाढवून द्यावी, एवढीच विनंती होती. त्याने वाढवून दिली. सातव्यांदा.