बालाघाटात हिमालयन

बीड जिल्ह्यात माणसाने गाडी बदलली की पहिला प्रश्न येतो, "एव्हरेज किती?" दुसरा, "कितीला बसली?" तिसरा कुणी विचारत नाही, तो चेहऱ्यावरच वाचायचा असतो: बरी चालली होती की जुनी, तिला काय झालं?

माझ्या स्प्लेंडरला खरंच काही झालं नव्हतं. पासिंगची पंधरा वर्षं भरली होती, एवढंच. आरटीओत फिटनेस दाखवला असता तर आणखी पाच मिळाली असती. पण वयाच्या एका टप्प्यावर माणसाला स्वतःची नाही, तर निदान गाडीची तरी वर्षं कमी करावीशी वाटतात. त्यात मोबाईलवर लेह-लडाखचे व्हिडिओ बघून बघून वाटायला लागलं, की आपल्या आयुष्यात साहस तेवढं राहून गेलं. मग ठरलं, स्प्लेंडर देऊन हिमालयन घ्यायची. मुलाने आकडे वाचून दाखवले: ४५२ सीसी, १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर. आई सगळं ऐकून म्हणाली, "आन् मी कुठून चढायचं?"

एक्स्चेंजच्या माणसाने स्प्लेंडर तपासली ती मात्र बघण्यासारखी. किक मारली, सायलेन्सरच्या मागे तळहात धरला आणि तो हुंगला. हँडल डावी-उजवीकडे फिरवून कोनसेट पाहिला. चेन बोटाने उचलून सोडली. मग इंजिनाशी कान नेऊन टॅपेटचा आवाज ऐकला आणि पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहिला. "नाना, वरचा धरलाय, बरं का," म्हणाला. नव्या गाडीच्या क्रॅशगार्डला आणि दोन बाजूच्या दोन पेट्यांना जे पैसे पडले, जवळपास तेवढ्यात जुनी अख्खी गेली.

त्याचं काही चुकलं नाही. तो लोखंडाचा भाव करत होता. पण साहसाचा हिशेब काढायचा तर वेगळं बरंच निघालं असतं. पहिल्या पावसात शेतरस्त्याला लागलं, की काळी माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अशी गच्च बसायची, की चाक जागेवर थांबायचं. मग खाली उतरून, चपला हातात घेऊन, खुरप्याने ती माती खरवडायची, दहा पावलं ढकलायची, पुन्हा खरवडायची. पेट्रोल रिझर्व्हच्याही खाली गेलं, की गाडी आडवी कलंडून उरलेले थेंब कार्बोरेटरकडे वळवायचे आणि मांजरसुंब्याचा घाट देवाचं नाव घेत उतरायचा. पेंडीचं पोतं मागे, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना. दिवाळीच्या आधी धारूरकडून सीताफळाची क्रेट आणायची ती पुढे टाकीवर, आणि घाटातल्या वळणावर हँडल फिरवायला जागाच नाही. आता बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा ते आमच्या टाकीवरून लोळत यायचं.

तेव्हा याला साहस म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला तालुक्याला जाऊन येणं म्हणायचो.

आता सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला. हिमालयन घेऊन कपिलधारला गेलो, तर खराब रस्ता शोधण्यातच निम्मा वेळ गेला. गाडी वाईट नाही, उलट छानच आहे. धारूरच्या अरुंद घाटात उसाच्या ट्रॉलीमागे ताटकळताना ती धापा टाकत नाही. दिवसभर चालवून पाठ दुखत नाही. गोल मीटरवर नकाशा दिसतो, जणू मला नेकनूर सापडणार नव्हतं.

फरक पडला तो दुसरीकडेच. स्प्लेंडरची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असायची आणि ज्याला नड असेल तो घेऊन जायचा. कुणी पाहुण्याला स्टँडवर सोडायला, कुणी अंबाजोगाईच्या दवाखान्यात डबा पोचवायला, कुणी मुलगी बघायला. संध्याकाळी गाडी परत यायची तेव्हा आरसे कुणाच्या तरी उंचीला लागलेले असायचे आणि टाकी रिकामी. शिव्या दिल्या, पण किल्ली काही लपवली नाही. हिमालयन आल्यापासून एकाही माणसाने गाडी मागितलेली नाही. चुलत्यांनी एकदा भोवती चक्कर मारली, पाय टेकतात का ते अंदाजाने पाहिलं आणि "लई जड दिसती" म्हणून पायीच निघाले. आई शेजारच्या पोराच्या प्लॅटिनावरून दवाखान्यात जाते.

स्प्लेंडर केजकडच्या एका ऊसतोड जोडप्याने घेतली असं कळलं. कोयता, पातेली, गोधड्या बांधून ती यंदा सांगलीकडे कारखान्यावर जाईल. आमची हिमालयन अजून जिल्ह्याबाहेर गेलेली नाही. दोघींपैकी साहसी कोण, हे वाचकांनीच ठरवावं.

एक मात्र सांगून ठेवतो. जुनी गाडी देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या की काम संपलं, असं समजू नका. आरसीवर नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे, की अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव, तोच मालक धरायचा. आणि तोवर गाडी कुणीही चालवो, दंडाचा मेसेज आपल्याच मोबाईलवर येतो.