विशेष सहकार्य
कन्नड तालुक्यात अंजना नदीकाठी वसलेल्या पिशोरच्या परिसरात श्रावणात सप्ताह बसला, म्हणजे काकडा, पारायण, हरिपाठ आणि कीर्तन यांचा सात दिवसांचा अखंड क्रम सुरू झाला, की गावाचे संगीत आणि गावाचा मानापमान वेगळे काढता येत नाहीत. पाळीपाळीने पुढे येण्याच्या बाबतीत या संगीताचे अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताशी साम्य आहे. केंटकीच्या बिल मन्रो यांचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा वाद्यवृंद १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला आणि पुढे त्याच्याच नावाने ही शैली ओळखली जाऊ लागली. मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार व बास घेऊन वादक एकाच ध्वनिक्षेपकाभोवती उभे राहत; ज्याची पाळी तो पुढे येई आणि वाजवून झाले की मागे सरे. यापैकी पुढे येण्याची कला आपल्या भजनी मंडळांत पूर्णत्वाला पोहोचली आहे. मागे सरण्याची अद्याप बाल्यावस्थेत आहे.

प्रस्तुत लेखकाचा अधिकार टाळापुरता, तोही मागच्या रांगेतला. परंतु नोकरीसाठी शहरात गेलेल्या माणसाला गावात आपले नाव असावे अशी जी हौस असते, ती त्याच्यात मुबलक आहे, आणि म्हणूनच सप्ताहाची पत्रिका हा त्याच्या विशेष अभ्यासाचा विषय ठरला. वरच्या भागात ह.भ.प., म्हणजे हरिभक्तपरायण, ही उपाधी लावलेले कीर्तनकार गावांच्या नावांसह असतात. त्याखाली गायनाचार्य आणि मृदंगाचार्य (टाळकऱ्यांना आचार्यपद अजून मिळालेले नाही, याची येथे खेदपूर्वक नोंद करणे भाग आहे). मग विणेकरी, चोपदार, मंडपवाले आणि रोजच्या पंगतीचे अन्नदाते. तळाशी ‘विशेष सहकार्य’ या मथळ्याखाली बारीक अक्षरांची दाट वस्ती असते, आणि तिच्याही खाली ‘समस्त गावकरी मंडळी’, ज्यांत सगळेच येत असल्यामुळे तिथे स्वतःला कोणी शोधत नाही. लेखक पत्रिका खालून वर वाचतो. त्यामुळे कीर्तन कोणाचे होते, हे त्याला बहुधा काल्याच्या दिवशी, म्हणजे समाप्तीला, कळते.

अन्नदाते म्हणून पुरुषांची नावे छापली जातात, पण पंगतीच्या पोळ्या घरोघरी लाटल्या जातात आणि फडक्याने झाकलेल्या टोपल्यांतून देवळाकडे येतात. तिथे आमटीची कढई पुरुष ढवळतात आणि फोटो त्या ढवळण्याचे निघतात. पहाटे काकड्याला आलेली, दिवसभर अद्रकीच्या रानात खुरपलेली बाई संध्याकाळी हरिपाठाला बसते आणि सगळे अभंग डोळे मिटून पाठ म्हणते. त्याच वेळी टाळ घेतलेला लेखक पुढच्याच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावत असतो. पत्रिकेत ती कुठेही नसते, आणि हे इतकी वर्षे कोणाला खटकू नये, याचा संताप विनोदाने झाकण्याजोगा नाही. मन्रो यांच्या ‘बॉइज’मध्येही १९४०च्या दशकात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर अ‍ॅकॉर्डियन वाजवीत होत्या.

पोळ्या करणाऱ्यांची नावे छापावीत, असे लेखकाने एकदा सुचवले, तेव्हा पत्रिकेत जागाच नाही, असे उत्तर आले. शेजारच्या जाणत्या टाळकऱ्याने मात्र टाळ न थांबवता मार्ग काढला : “व्हईल ना जागा, भाऊ. इशेष सहकार्यातून तुमचं नाव काढलं का झालं.” या सूचनेवर लेखक सर्व बाजूंनी विचार करीत आहे.