चौकोनात न बसलेले मामा

राणीच्या बागेच्या तिकीट खिडकीवर मुंबई महापालिकेने कुटुंबाची व्याख्या पक्की करून ठेवली आहे: आई, वडील आणि दोन मुलं. ही चौकडी 100 रुपयांत आत जाते. सुटे आलात तर मोठ्यांना 50, लहानांना 25. त्यामुळे रविवारी तिथे जो खोळंबा होतो तो बहुधा गावाहून आलेल्या मामांपायी. ‘मामांचं वेगळं काढावं लागेल,’ असं भाचा खालच्या आवाजात बायकोला सांगतो आणि ज्या माणसाने या भाच्याला खांद्यावर बसवून अख्खी जत्रा दाखवली, तो चार पावलं मागे सरकत म्हणतो, ‘तुम्ही या जाऊन. मी बसतो इथंच पिशव्या घेऊन.’ मग ‘असं कसं, मामा’ सुरू होतं. मागची रांग चुळबुळते, पण ओरडत नाही. त्या रांगेतही ठिकठिकाणी मामा उभे असतात.

पूर्वी ही वेळ येत नसे, कारण मोठ्या माणसाचं तिकीटच पाच रुपये होतं. 2016च्या जुलैत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, 2017च्या मार्चपासून त्यांचं दर्शन खुलं झालं आणि ऑगस्टपासून दर दसपट झाला. दर वाढला की गर्दी ओसरते, असं हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असेल. मुंबईकराचा हिशेब निराळा. पन्नास रुपये घेतात म्हणजे आत नक्कीच काहीतरी असणार! 2023च्या 1 जानेवारीला, रविवारी, एका दिवसात 32 हजारांवर माणसं आत गेली. बाग बुधवारी बंद असते, पण बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर ती उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. वाघा-पाणघोड्यांना बदली रजा मिळते, हे वाचून मला त्यांच्याविषयी एकदम सहकाऱ्यासारखं प्रेम वाटू लागलं.

पेंग्विनांच्या काचेशी मात्र कुणालाच फार थांबता येत नाही. पंढरपुरात पायांवर टेकलेलं डोकं हलकेच उचलून पुढे सरकवणाऱ्या सेवेकऱ्याच्या लयीत सुरक्षारक्षक म्हणत असतो, ‘चला, पुढे चला.’ काचेला गाल लावून गारवा घेणारी एखादी पोर तेवढ्यात दोन श्वासांचं धुकं काचेवर उमटवते आणि बोटाने पुसते. पलीकडे एवढी मोकळी जागा असूनही पेंग्विन एका कोपऱ्यात एकमेकांना खेटून उभे. मुंबईचं पाणी लागलं म्हणायचं.

गंमत अशी, की बाग सुमारे पन्नास एकरांची आणि गर्दी जेमतेम तीन-चार काचांपुरती. 1862 सालच्या या बागेत तीन हजारांवर झाडं आहेत, आणि त्यांच्या सावलीत कोपरन् कोपरा मोकळा असतो. फोर्टच्या चौकातून 1965 साली हलवलेला ‘काळा घोडा’ हा पुतळा आपल्या राजपुत्राला पाठीवर घेऊन इथेच उभा आहे. ज्याच्या नावाने आजही टॅक्सीवाले तिकडे नेतात, त्याच्यासमोर इकडे कुणी फिरकत नाही. गर्दी आवरायला महापालिका दर लावते, दोऱ्या बांधते, शिट्ट्या फुंकते. खरा हातभार लावते ती आपली उदासीनता, आणि तिचं अंदाजपत्रकात कुठेही नाव नाही.

हिवाळा सरता सरता इथली उर्वशी फुलते. झाड मूळचं ब्रह्मदेशाचं; त्याची तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुलं लांब देठांनी झुंबरासारखी खाली लोंबतात. ती फुललीय का पाहावं म्हणून मी एका रक्षकाला विचारलं, ‘उर्वशी कुठे आहे हो?’

‘उर्वशी? नवीन आलीय का? वाघीण असेल तर त्या काचेकडे जावा.’

झाड आहे म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे, मग पेंग्विनांकडे वळलेल्या रांगेच्या शेपटाकडे पाहिलं. शिट्टी खिशात टाकत म्हणाला, ‘मग सावकाश बघा की. तिथं मला ड्युटी नाही लावत.’