घड्याळाला चकवणारे मनगट

खेळणाऱ्याच्या अंगाची हालचाल हाच ज्यांचा गाभा असतो, असे व्हिडिओ गेम रचणाऱ्यांची खरी अडचण तंत्राची नसून मनुष्यस्वभावाची आहे. कारण शरीराला कष्ट पडावेत म्हणून घरात आणलेल्या यंत्राला चकवण्याची वाट तेच शरीर चार दिवसांत शोधून काढते. निन्टेन्डो कंपनीने २००६ मध्ये 'वी' हे गेमयंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये ॲक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल टिपणारा संवेदक, बसवलेला होता आणि खेळणाऱ्याने हात सबंध फिरवून टेनिस खेळावे अशी अपेक्षा होती. उत्साही मंडळींनी ती इतकी मनावर घेतली, की रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळू लागले आणि कंपनीला त्याच वर्षी मनगटाचे पट्टे बदलून जाड द्यावे लागले. उरलेल्यांना मात्र लवकरच उमगले, की सोफ्यावर लोळून मनगटाला नुसता झटका दिला तरी फटका तोच बसतो.

स्मार्ट घड्याळाचेही तसेच आहे. हाताच्या लयबद्ध झोक्यांवरून ते पावले ताडते, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात पहाटे हात पाठीमागे बांधून राजकारणावर बोलत चालणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ते बहुधा हात आखडता घेते, आणि सिडकोतल्या एखाद्या घरात आरतीच्या झांजा वाजवणाऱ्याला जागच्या जागी बरीच मजल मारू देते. दहा हजार पावलांचे लक्ष्य १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलमापकामुळे रूढ झाले. पण ते गाठताच घड्याळ थरथरून शाबासकी देते, आणि त्या शाबासकीच्या बळावर गुलमंडीवर खाल्लेल्या इमरतीची नोंद ते आपणहून करत नाही, हा रचनाकारांचा सुसंस्कृतपणाच म्हणायचा.

शरीराला चकवायला वाव न देण्याच्या कसोटीवर याच शहराजवळच्या देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्याची रचना फार वरच्या दर्जाची ठरते. तिथली 'अंधारी', म्हणजे खडकात कोरलेला काळाकुट्ट, वळणावळणाचा चढता मार्ग, शत्रूच्या शरीराचा पुरता अभ्यास करूनच आखलेली दिसते: पायऱ्या उंचसखल, त्यामुळे पावलांचा ताल बसत नाही, जागोजागी वाकावे लागते, त्यामुळे शस्त्र उगारता येत नाही, आणि उजेड दिसला म्हणून धावत सुटणारा थेट खंदकात पडे, असे गाइड मोठ्या आनंदाने सांगतात. खेळाडूला जीव एकच, आणि सोफ्यावरून झटका देण्याची सोय नाही. आजचा पर्यटक मोबाइलचा टॉर्च लावतो, ज्याला गेमच्या परिभाषेत चीट कोड, म्हणजे नियमांना बगल देणारी चोरवाट, म्हणता येईल. तरीही वटवाघळांचा वास आणि गुडघ्यांची कुरकुर त्याला चुकत नाही. ज्यांना तेवढेही नको असते, असे घरातले मोठे एखाद्या उत्साही भाच्याच्या मोकळ्या मनगटावर आपले घड्याळ चढवून त्याला वरच्या बारादरीकडे धाडतात, आणि स्वतः पायथ्याशी सीताफळांचा भाव पाडत बसतात.